ट्रॅक थांबत नाही

कोजागिरी उलटली की माझा फोन थंड पडतो. श्रावणात मंगळागौर, मग गणपती, मग नवरात्र आणि शेवटी गच्चीवरचं मसाला दूध, एवढाच विनोदी गाणी म्हणणाऱ्या बाईचा हंगाम. अधूनमधून एखादं हळदीकुंकू, एखादी एकसष्टी, मार्चमध्ये महिला दिन. मिळेल ती सुपारी घेत मी कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि तिकडे ठाण्यात घोडबंदर रोड पालथा घातला. पंधरा मिनिटांचा आयटम करणारी बाई तिकीट लावून दीड तासाचा प्रयोग कसा करायला लागली, हे लिही असं बऱ्याच जणी सांगत होत्या. यात टाळ्या कमी आणि अर्ज जास्त आहेत, हे आधीच सांगून टाकते.

आमचे आबा माथाडी. गाव साताऱ्याकडचं, काम वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात, घर कोपरखैरण्यात. नवी मुंबई म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे पामबीच रोड येतो. आमच्या नवी मुंबईत शनिवारी रात्री भजन असायचं आणि हरिनाम सप्ताहात भारूड. दिवसभर पोती वाहिलेली माणसं रात्री टाळ घेऊन उभी राहायची आणि आबा आईचं लुगडं नेसून सोंग घ्यायचे. एकनाथांनी सोळाव्या शतकात जोशी, वासुदेव, गोंधळी, आंधळा, बहिरा अशा कितीतरी सोंगांची भारुडं लिहून ठेवली आहेत. आबा त्यातलं एक उचलायचे आणि मधल्या बतावणीत, म्हणजे गाण्यामधल्या उत्स्फूर्त विनोदी बोलण्यात, मार्केटातल्या दलालाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, कधी समोर बसलेल्या माझ्या आईलाही घ्यायचे. माणसं लोळायची. त्यातून शिकण्यासारखं काही आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

मी सुरुवात केली ती मंगळागौरीच्या ग्रुपमधून. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ठाणे आणि नवी मुंबईत श्रावणात हा मोठा धंदा आहे. एकसारख्या नऊवारीतल्या दहा-बारा जणी, ठरलेलं मानधन, दोन तास झिम्मा, फुगडी, पिंगा. त्यात सासू-सुनेच्या भांडणाचं गाणं असतं ते माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज मोठा आणि तोंड त्याहून मोठं. त्या गाण्यात मी ऐनवेळी वाढवलेल्या ओळींवर बायका हसल्या. पुढे संयोजक ग्रुपला सोडून मलाच फोन करायला लागले. "मॅडम, तुमचा तेवढा विनोदी आयटम पाहिजे. एकट्याच या, म्हणजे बजेटमध्ये बसेल."

एकटी म्हणजे मी आणि मायनस ट्रॅक, गायकाचा आवाज वगळून उरलेलं तयार संगीत. सिनेमातल्या जुन्या गाण्याची चाल, त्यावर आपले शब्द, आणि फोन स्पीकरला जोडायचा. विषय ठरलेले होते: पाण्याचा टँकर, लिफ्ट, कामवाली न येणं, ट्रान्सहार्बर लोकलमधली तिघांच्या बाकावरची चौथी सीट. वर्षानुवर्षं लोकांच्या कानात बसलेली चाल पहिल्या सुराला ओळखली जाते आणि शब्द सुरू व्हायच्या आधीच प्रेक्षक अर्धा आपला होतो. विडंबनगीताचा सगळा सोपेपणा त्या ओळखीत आहे.

अडचण हशाला होते. पहिल्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीला लोक हसले की तिसरी ओळ त्या हशाखाली जाते, कारण ट्रॅक पुढे निघून गेलेला असतो. थांबावं तर ताल सुटतो, गात राहावं तर शब्द वाया. घणसोलीच्या एका सोसायटीत लोक इतके हसले की पुढचं आख्खं कडवं कुणाला कळलंच नाही, आणि जे कळलं नाही त्यावर कोण हसणार? गाणं तिथून उतरलं ते उतरलंच. चांगला हसणारा प्रेक्षक मिळाला की कार्यक्रम पडायचा, असं उफराटं गणित.

यावर उपाय म्हणून मी भरतीच्या ओळी घालायला लागले. विनोदाची ओळ झाली की पाठोपाठ एक बिनकामाची ओळ: "काय सांगू बाई आता", "ऐका ऐका मंडळी". हशात बुडाली तरी नुकसान नाही. पण हशाची लांबी मोजून थोडीच येते? जेवणाआधी लोक कमी हसतात. गच्चीवर हशा उडून जातो, बंद हॉलमध्ये घुमतो. एकाच गाण्याला एके ठिकाणी भरतीची ओळ पुरायची नाही, दुसरीकडे ती रिकामी पडून लोक एकमेकांकडे बघायचे.

याच सुमारास ठाण्यात एका कॅफेतल्या ओपन माईकलाही, म्हणजे कुणीही नाव देऊन सादर करावं अशा कार्यक्रमाला, जाऊन आले. पाच मिनिटं, समोर कॉलेजची पोरं, आधीचे सगळे हिंदी-इंग्रजीत. गिटारवर विनोदी गाणं म्हणणारा एक मुलगा होता. तो हसू आलं की त्याच दोन सुरांवर घोळत राहायचा, हसू ओसरलं की पुढे जायचा. त्याचे विनोद मला फारसे कळले नाहीत, पण तो थांबत होता, आणि माझं सगळं लक्ष तिथेच.

घरी येऊन आबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अगं, मग आमी झीलकरी कशाला ठेवतो?"

भारुडात मुख्य गाणारा एक ओळ टाकतो आणि मागचे टाळकरी तीच ओळ किंवा धृपद परत परत घेतात. याला झील धरणं म्हणतात. लहानपणापासून ऐकलं होतं, पण ती झील हशासाठी जागा धरून ठेवते हे ध्यानात आलं नव्हतं. माणसं हसताहेत तोवर टाळकरी धृपद घोळवतात. हसू ओसरलं की सोंगाड्या हात वर करतो आणि पुढची ओळ टाकतो. शिवाय झील धरताना विनोदाची ओळ दुसऱ्यांदा कानावर येते, त्यामुळे मागच्या रांगेत ज्याला पहिल्यांदा कळली नाही तोही दुसऱ्यांदा हसतो. आबांच्या मंडळात याला कुणी तंत्र वगैरे म्हटलं नसतं.

मग मी ट्रॅक बंद केला. मंडळातले ढोलकीवाले काका आणि दोन टाळकरी सोबत घेतले, पेटी स्वतः वाजवायला लागले. लगेच निम्म्या सुपाऱ्या गेल्या. एका माणसाचं पाकीट चौघांत कसं वाटायचं? संयोजकांचा प्रश्नही बरोबर होता: "मॅडम, मागच्या वर्षी तर तुम्ही एकट्याच छान केलं होतं." तो हंगाम तोट्यात गेला. पण तालमीत जे सापडत होतं ते सोडवत नव्हतं.

तालमीतलं एकच उदाहरण देते. सोसायटीच्या सभेवर भारूड लिहिलं होतं. त्यात ओळी अशा होत्या:

सभेला आले बारा जण गं, बारा जण
अकरा बोलत होते आणि वॉचमन ऐकत होता

लोक हसायचे, पण उशिरा, आणि विस्कळीत. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं. हसण्याचा शब्द 'वॉचमन' आणि त्याच्यामागे 'ऐकत होता' ही शेपटी लोंबतेय. माणूस वाक्य संपेपर्यंत हसत नाही, आणि संपेपर्यंत धार गेलेली असते. ढोलकीवाले काका म्हणाले, "ताई, सम कुठं ठेवायची तेवढं सांगा." सम म्हणजे तालाची पहिली, जोराची मात्रा. मग ओळ फिरवली:

अकरा बोलले तावातावानं, ऐकत होता वॉचमन

आता 'जण'ला यमक जुळतं, 'मन'वर ढोलकीची थाप पडते आणि पुढे वाक्यात काही उरत नाही. थापेवरच हशा फुटतो. तेव्हापासून लिहिताना मी शेवटचा शब्द आधी ठरवते आणि ओळ उलटी विणत जाते. यमकाचं आणखी एक आहे. मराठी माणूस भेंड्या, उखाणे आणि आरत्यांवर वाढलेला असतो, त्याला पुढचं यमक आधीच ऐकू येतं. त्यानं जे धरलंय त्याच्या शेजारचं द्यायचं. तेच दिलं तर तो नुसती मान डोलावतो, फार लांबचं दिलं तर शेजारणीला विचारतो, "काय म्हणाली?"

चालींचा विषय याच वेळी निकालात निघाला. सिनेमाच्या चालीवरचं माझं एक गाणं कुणीतरी मोबाइलवर घेऊन इंटरनेटवर टाकलं होतं. बऱ्यापैकी फिरलं आणि मग हक्काच्या तक्रारीवरून उतरलं. मी त्या म्युझिक कंपनीला रीतसर पत्र लिहून परवानगी मागितली. उत्तर आलं नाही, आठवण केली, तरी नाही. ठाण्यात कट्टे पुष्कळ, आणि अशाच एका कट्ट्यावर एका आजोबांनी मला छेडलं: "अत्र्यांनी केशवकुमार या नावानं एवढी विडंबनं केली, त्यांनी कुणाची परवानगी घेतली होती?" प्रश्न फक्कड, पण कागदावरची कविता वेगळी आणि सिनेमातलं गाणं वेगळं. गाण्यात शब्दांचा हक्क एक, चालीचा दुसरा आणि ध्वनिमुद्रणाचा तिसरा. माझ्या मायनस ट्रॅकनं तिघांनाही हात लावला होता.

एका वकीलबाईंनी मला बसवून समजावलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रास्त वापराची कलमं आहेत, त्यात टीका आणि समीक्षा आहे, पण विडंबन असा शब्द नाही. कव्हर व्हर्जनची, म्हणजे तेच गाणं दुसऱ्यानं नव्यानं गाऊन मुद्रित करण्याची, सोय आहे आणि तिचे आताचे नियम २०१२ च्या दुरुस्तीतले. त्यासाठी मूळ गाणं मुद्रित झालेलं वर्ष सरल्यावर पाच कॅलेंडर वर्षं जायला हवीत, हक्कदाराला पैसे भरायला हवेत, आणि मुख्य म्हणजे त्याच्या संमतीवाचून शब्दांत बदल करायचा नाही. विडंबनात शब्द बदलण्यापलीकडे दुसरं असतंच काय! अमेरिकेत १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं विडंबन हा रास्त वापर ठरू शकतो असं म्हटलं, तरी तिथला अल यान्कोविक, ज्याची उभी कारकीर्द विनोदी गाण्यांची, मूळ कलावंताला विचारूनच गाणं करतो. ही गोष्ट ऐकून मला बरं वाटलं. मी विचारलं होतं, मला कुणी उत्तर दिलं नाही, एवढाच फरक.

आपल्याकडे शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. एकनाथ गेले १५९९ साली. वकीलबाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आबांना कुणीच अडवणार नाही." भारूड, गवळण, ओवी, भोंडल्याची गाणी यांच्या पारंपरिक चाली सगळ्यांच्या. एकच पथ्य पाळायचं: चाल मोकळी असली तरी तिचं कुणी केलेलं ध्वनिमुद्रण मोकळं नसतं, तेव्हा वाजवायचं आपण आणि गायचं आपण. सगळी विडंबनं बाजूला ठेवली आणि पहिल्यापासून लिहायला बसले. पहिल्या सुराला मिळणारी ओळखही त्यांच्याबरोबर गेली. पण भोंडल्याची चाल लागली की पन्नाशीच्या पुढच्या बायका आपसूक ठेका धरतात, हे लवकरच कळलं.

गाणी साठली तेव्हा तिकीट लावायचं ठरवलं. सोसायटीच्या कार्यक्रमात विनोदी गाणं सगळ्यात शेवटी असतं, "लोक थांबून राहतात" म्हणून. सत्कार लांबतात, नगरसेवक उशिरा येतात, मुलांचे नाच संपत नाहीत, आणि माझ्या हातात माईक येतो तेव्हा साडेनऊ झालेले असतात. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली बारापर्यंतची सूट वर्षाकाठी जास्तीत जास्त १५ दिवसांची, आणि ती ठरावीक सणांना. कित्येकदा मी शेवटचं कडवं माईकशिवाय म्हटलंय. तिकीट काढून येणारा माणूस निदान गाणं ऐकायला आलेला असतो.

नाट्यगृहासाठी पाहिलं तर वाशीचं विष्णुदास भावे घराजवळचं, पण माझ्या मानानं फार मोठं. हजारेक खुर्च्यांच्या हॉलमध्ये शंभर माणसं विखरून बसली की हसत नाहीत, हे कुणाही नटाला विचारा. हसायला शेजारी लागतो. ठाण्यात डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाला जोडून मिनी थिएटर आहे, ते बेताचं. शनिवार-रविवारच्या सोयीच्या तारखा नेहमीच्या संस्थांकडे असतात, मला मिळाली आठवड्यातली संध्याकाळ.

मग संहिता. रंगमंचावर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी संहिता लिहून द्यावी लागते. गाणी लिहिलेली होतीच. बतावणी कुठून आणू? ती तर दर वेळी समोरच्या माणसांवर होते. आबांना टाइप केलेली पानं वाचून दाखवली तर ते म्हणाले, "हे लिवल्यावर मरतंय गं." मरतंच. तरीही लिहिण्याचा फायदा झाला. बोलताना जी वाक्यं खपून जात होती ती कागदावर उघडी पडली. एका जाडीवरच्या विनोदाला मी वर्षभर हशा घेत होते, छापलेला पाहिला तर त्यात विनोद नव्हताच, माझा हातवारा होता. तो काढला. ठाण्याच्या मनोरुग्णालयावरचा विनोदही काढला. ते रुग्णालय १९०१ पासूनचं, आणि "ठाण्याला जागा रिकामी आहे" हा विनोद त्याच्याइतकाच जुना असावा. निवेदकांना अजून वाटतं की ठाणेकर त्यावर हसतात. ते नुसते पाहुण्याकडे बघतात तसे बघतात.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथेच नव्या मुलींची गाणी पडताना मी बघते. साऊंडवाला बाई गाणार म्हटल्यावर विचारायच्या आधी इको वाढवून ठेवतो. भावगीताला तो शोभतो. विनोदी गाण्यात 'च', 'ट', 'ख' स्वच्छ ऐकू आले पाहिजेत, आणि इको नेमकी तीच अक्षरं एकमेकांवर लोटतो. मी साऊंड चेकला गाणं म्हणतच नाही. सर्वांत मागच्या खुर्चीत टाळकऱ्याला बसवते आणि त्याला माहीत नसलेल्या नव्या ओळी म्हणते. त्यानं त्या शब्द न् शब्द परत म्हणून दाखवल्या की झालं. ढोलकीचा माईक कमी, माझा जास्त, इको शून्य. साऊंडवाले नाक मुरडतात, "मॅडम, कोरडं वाटतंय." वाटू दे.

प्रयोगाच्या दिवशी ठाण्याची माणसं कमी आणि कोपरखैरण्याची जास्त होती. आबांचं भजनी मंडळ लोकलनं आणि मग बसनं मानपाड्यापर्यंत आलं, टोप्या घालून तिसऱ्या रांगेत बसलं. पहिली दहा मिनिटं थंड गेली. तिकीट काढून आलेला माणूस आधी तपासतो, सोसायटीतला फुकटचा माणूस लगेच हसतो. सभेचं भारूड आलं, वॉचमनवर थाप पडली, हशा आला आणि माझ्या टाळकऱ्यांनी धृपद धरलं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेनंही धरलं. टाळ नव्हते, टाळ्यांवर. वीसेक माणसं एका सुरात "बारा जण गं, बारा जण". मग पाचवी रांग, मग घोडबंदरची सलवार-कमीजमधली मंडळी. मला पुढची ओळ टाकताच येईना. ढोलकीवाले काका माझ्याकडे बघून नुसता ठेका देत राहिले, आणि मी पेटीवरचे हात काढून कमरेवर ठेवले. संहितेत हे नव्हतं. हात कमरेवर ठेवलेल्या बाईला बघून लोक पुन्हा हसले, तेही संहितेत नव्हतं.

हिशेबाचं सांगायचं तर तिकीट दोनशे रुपये ठेवलं होतं. पाचशेपर्यंतच्या तिकिटावर अशा प्रयोगाला जीएसटी नाही, तेवढी एक डोकेदुखी वाचली. भाडं, साऊंड, पोस्टर आणि साथीदारांच्या नाईट, म्हणजे एकेका प्रयोगाचं मानधन, दिल्यावर हातात फारसं उरलं नाही. साथीदारांची नाईट आधी, माझी नंतर, हा नियम मी पहिल्यापासून ठेवलाय. माझ्याशिवाय कार्यक्रम एक वेळ होईल, झील धरणाऱ्यांशिवाय नाही. खाजगी क्लासमधली अकाउंट्स शिकवण्याची नोकरी मी अजून सोडलेली नाही, आणि जी कुणी मला "फुल टाइम कधी?" विचारते तिला मी आधी तिचं भाडं किती ते विचारते.

सोसायट्यांच्या सुपाऱ्या परत येऊ लागल्यात. आता अटी माझ्या: चौघांचं मानधन, सत्काराच्या आधीची वेळ आणि इको बंद. "सत्काराच्या आधी" ऐकून निम्मे संयोजक फोन ठेवतात.

सध्या पुनर्विकासावर भारूड चालू आहे. वाशी-कोपरखैरण्यात सिडकोच्या जुन्या इमारतींत दुसरा विषयच नाही: कुणाला किती फूट कार्पेट एरिया वाढीव, भाडं किती, कोण सही करत नाही. बिल्डरचं सोंग आबांनी घ्यायचं ठरलंय. सफारी शिवायला टाकलाय, आणि शेवटच्या कडव्याला 'कार्पेट'शी जुळणारं यमक अजून सापडलेलं नाही. 'मार्केट' नको, ते सगळ्यांना आधीच ऐकू येतं.